सोसायटी ग्रुप : ब्लू लॉक बघून मुलं पास देईनाशी झालीत का?

ए-२०३ काकू : नातू चार दिवस खाली खेळताना कुणाला पासच देत नाहीये. विचारलं तर म्हणे आजी मी इगोइस्ट आहे. ही कसली सिरीज बघतात मुलं?

सी-५०१ : काकू ब्लू लॉक असणार, फुटबॉलवरची जपानी ॲनिमे सिरीज, मी दोन्ही सीझन बघितलेत. जपान २०१८ च्या वर्ल्ड कपमधून बाहेर पडतं आणि मग ३०० पोरं, सगळी स्ट्रायकर म्हणजे पुढे राहून गोल मारणारी, एका ठिकाणी आणून ठेवतात, त्यातला एकच टिकणार. त्यांचा कोच, इगो नावाचा, बोलतो भयंकर हे मान्य. पण सुरुवात बघा ना, हिरो इसागीसमोर फक्त गोलकीपर आहे, मारायचं सोडून तो बाजूच्याला पास देतो, त्याचा बॉल पोस्टला लागतो आणि मॅच हातची जाते. तो पास टीमसाठी नव्हता हो, चुकलो तर काय या भीतीने दिलेला होता. मला ते फार लागलं.

बी-७०२ काका : मी कॉलेजला लेफ्ट बॅक, म्हणजे डिफेंडर होतो. मागे आम्ही घाम गाळायचा आणि पुढच्याने मीच मोठा म्हणायचं, हे मुलांना शिकवू नये.

सी-५०१ : काका तेही आहे त्यात. इसागीची टीम झेड पहिल्या मॅचला सगळीच्या सगळी बॉलमागे धावते आणि ५-१ हरते. मग बसून एकेकाचं हत्यार, म्हणजे खास ताकद, काय ते सांगतात, कुनिगामीचा लांबून डाव्या पायाचा शॉट वगैरे, चिगिरी मात्र गप्प, गुडघ्याच्या दुखापतीनंतर त्याला धावायचीच भीती बसलेली.

डी-१०४ : आणि त्याच टीममधला कुऑन! स्वतः पुढे जायला आपल्याच टीमचे प्लॅन समोरच्यांना देतो, सगळे त्याच्यावर थुंकायचे बाकी. तोच पुढच्या मॅचला समोरच्या टीमचा नागी गोल मारणार म्हणून मुद्दाम फाऊल करून रेड कार्ड घेऊन बाहेर जातो. ५-४ जिंकतात. मी रडलो होतो तिथे.

बी-७०२ काका : हे माहीत नव्हतं. डिफेंडरच्या मनातलं दाखवलंय म्हणजे.

सी-५०१ : काकू, पास दे म्हणून ओरडू नका, तुझं हत्यार काय आणि बाकीच्यांचं काय एवढं विचारा.

ए-२०३ काकू : विचारलं. स्वतःचं लगेच सांगितलं, डावा पाय. बाकीच्यांचं येईना, आता खाली विचारायला गेलाय.