मदत हवी आहे: म्युनिकच्या मनोविकार संशोधन संस्थेचा १९३३ नंतरचा निधी

मंडळी, जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी १९१७ मध्ये म्युनिकला सुरू केलेल्या मनोविकार संशोधन संस्थेवर (आजची माक्स प्लांक मनोविकार संस्था) दिवाळी अंकासाठी लेख लिहितोय. सुरुवातीचा भाग जमलाय: अमेरिकन बँकर जेम्स लोब यांची देणगी, मेंदूच्या पेशी रंगवून बघणारे निस्ल, अमेरिकेतल्या रॉकफेलर फाउंडेशन या देणगीदार संस्थेच्या पैशातून १९२८ ला उभी राहिलेली इमारत.

अडलंय पुढे. १९३१ पासून संचालक असलेले अर्न्स्ट रूडिन हे नाझी सरकारच्या १९३३ च्या सक्तीच्या नसबंदी कायद्यावरच्या अधिकृत भाष्याचे सहलेखक. लोब ज्यू कुटुंबातले होते. त्यांच्या पैशावर उभ्या राहिलेल्या संस्थेत हे घडलं, म्हणून हा भाग मला मोघम लिहायचा नाही.

इंग्रजी लेख आणि संस्थेने दिलेला इतिहास वाचून झालाय. दोन्हींत निधीचा वर्षवार हिशेब नाही. जर्मन येत नाही, अमेरिकेतल्या अभिलेखागारात जाणं शक्य नाही, आणि मजकूर महिनाअखेरीस द्यायचाय. रूडिन यांचं चरित्र नकोय, ते मिळालंय.

१९३३ नंतर रॉकफेलरचा पैसा संस्थेच्या कोणत्या विभागांना आणि कधीपर्यंत मिळत राहिला, हे कुठल्या इंग्रजी पुस्तकात किंवा घरबसल्या बघता येतील अशा कागदपत्रांत सापडेल?