मतदार दिनाच्या फ्लेक्सवर एकाच कबरीतल्या दोघी: लावू की नको?

राळेगावची_ताई
नमस्कार मंडळी. मी अंगणवाडी सेविका आणि आमच्या बूथची बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम पाहणारी. २५ जानेवारीला राष्ट्रीय मतदार दिन. दरवर्षी शपथ, रांगोळी, प्रभातफेरी, झालं. यंदा हायस्कूलच्या पोरींसाठी बाईच्या मताचा एक फ्लेक्स करून राहिली आहे. भाषण कोणी ऐकत नाही, फोटो मात्र पाहतात, म्हणून कबरी आणि स्मारकांचे फोटो घेतले.

पहिला बायकांच्या मतासाठी लढलेल्या सुझन अँथनीचा, अमेरिकेत रॉचेस्टरच्या माउंट होप स्मशानभूमीतला. ती १९०६ साली गेली, देशभरातल्या बायकांच्या मताची घटनादुरुस्ती झाली १९२० साली. आता मतदान करून आलेल्या बाया तिच्या दगडावर 'मी मत दिलं'चे स्टिकर चिकटवतात. २०१६ ला तर तिथे रांग लागली होती. गोंदानं आणि घासण्यानं दगड खराब व्हायला लागला म्हणून २०२० च्या मतदानाला वरून पारदर्शक आवरण घातलं. हा फोटो सर्वांना आवडला.

अडलं दुसऱ्यावर. कॅरी चॅपमन कॅट, १९२० चा विजय जिच्या हाताखाली झाला ती पुढारी. दोन लग्नं झाली, दोन्ही नवरे वारले. दुसरा १९०५ साली गेला, त्यानंतर ती राहिली मेरी गॅरेट हे ('हे' तिचं आडनाव) हिच्यासोबत. मेरीपण त्याच चळवळीतली. मेरी १९२८ ला गेली, कॅरी १९४७ ला, आणि न्यूयॉर्कच्या वुडलॉन स्मशानभूमीत दोघी एका स्मारकाखाली आहेत. त्यावर कोरलंय की एका मोठ्या कार्याच्या अखंड सेवेत ३८ वर्षं मैत्रीनं जोडलेल्या दोघी इथे आहेत. गंमत पहा, चॅपमन एका नवऱ्याचं आडनाव आणि कॅट दुसऱ्याचं. नावात दोघंही नवरे, बाजूला मेरी.

शाळेतले एक सर म्हणतात, स्टिकरवाली ठेवा, ही काढा, पोरी नाही ते विचारतील. विचारतीलच ना बाप्पा, त्यासाठीच तर लावून राहिली. मला एवढंच सांगा, फोटोखाली काय लिहू? लपवायचंही नाही आणि चावडीवरच्या गप्पाही करायच्या नाहीत.

जुन्या_वहीतलं
ताई, एकच जोडी लावली तर ती अपवाद वाटते. सोबत ईव्हा गोर-बूथ आणि एस्थर रोपर घ्या. ईव्हा आयर्लंडच्या जमीनदाराची मुलगी. १८९६ साली इटलीत एस्थर भेटली आणि ही घरदार सोडून तिच्याकडे इंग्लंडात मँचेस्टरला राहायला गेली. तिथे कापूस गिरण्यांतल्या बायकांच्या संघटना बांधल्या. १९०१ साली लँकेशायरच्या गिरणी कामगार बायकांच्या २९ हजारांवर सह्यांचा अर्ज मताच्या मागणीसाठी पार्लमेंटला गेला, त्यात एस्थरचा मोठा वाटा. हिंगणघाट-पुलगावच्या गिरण्या ज्यांच्या आजीनं पाहिल्या त्या पोरींना हे सांगावं लागणार नाही. ईव्हा १९२६ ला गेली, एस्थर १९३८ ला. लंडनच्या हॅम्पस्टेडमध्ये एकाच कबरीत आहेत.

सरळ_बोलतो
दोन गोष्टी. एक, विषय मताचा आहे, कोण कोणासोबत राहिलं याच्याशी पोरींना काय करायचं? दुसरी, कॅटबाईला देव्हाऱ्यात बसवू नका. बायकांना मत दिल्यानं गोऱ्यांचं वर्चस्व कमी नाही, उलट घट्टच होईल, असं तिनं १९१७ साली छापून सांगितलंय. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांचा पाठिंबा हवा होता म्हणून. काळ्या बायकांचा त्यात विचार नव्हता.

राळेगावची_ताई
भाऊ, दुसरी गोष्ट एकदम मान्य, तीही फोटोखाली टाकते. पण पहिली नाही पटली.

मी याद्या भरते. बाईच्या नावापुढे कोणाचं तरी नाव लागतंच. फॉर्म ६, म्हणजे यादीत नवं नाव घालायचा अर्ज, त्यात वडील, आई, नवरा, बायको, पालक आणि तृतीयपंथी असेल तर गुरू, एवढेच पर्याय. माझ्या यादीत एका घरात दोन म्हाताऱ्या आहेत. एकीपुढे कधीचा मेलेला नवरा, दुसरीपुढे वडील. माझं लग्न होऊन मी या गावात आले त्याच्या आधीपासून त्यांची चूल एक. त्यांचं काय ते मी ठरवून राहिली नाही, पण कागदावर त्या एकमेकींच्या कोणीच नाहीत.

आणि १९५१-५२ ची पहिली निवडणूक? अमक्याची बायको, तमक्याची आई असं सांगून स्वतःचं नाव न दिलेल्या जवळपास २८ लाख बायकांना यादीत घेतलंच नाही. अशा बायका जिथे जास्त होत्या त्यात मध्य प्रदेशही होता, आणि आपला विदर्भ तेव्हा त्याच मध्य प्रदेशात. बाई कोणाची कोण यावर तिचं मत गेलं आहे, भाऊ. मग कोणाशेजारी पुरायचं ते एखादीनं स्वतः ठरवलं, तर ते विषयाबाहेरचं कसं?

जुन्या_वहीतलं
ताई, मग कॅथरीन दुलीपसिंग घ्याच. महाराजा रणजितसिंहांची नात, इंग्लंडात वाढलेली. धाकटी बहीण सोफिया मताच्या लढ्यात जास्त गाजली, हॅम्प्टन कोर्ट राजवाड्याबाहेर उभी राहून चळवळीचं वर्तमानपत्र विकायची. पण कॅथरीनही मताच्या बाजूनं काम करणारी. ती अनेक वर्षं जर्मनीत कासेलला लीना शेफरसोबत राहिली. लीना आधी या बहिणींची शिक्षिका होती. लीना गेल्यावर कॅथरीन इंग्लंडला परतली, हिटलरच्या तावडीतून निसटणाऱ्या ज्यू कुटुंबांना मदत केली, घरात आसरा दिला. १९४२ ला वारली. मृत्युपत्रात मागणी अशी की आपल्या राखेचा चौथा हिस्सा कासेलच्या स्मशानात लीनाच्या शवपेटीच्या जितका जवळ पुरता येईल तितका पुरावा. इंग्लंड-जर्मनीचं युद्ध चालू असताना ती गेली, हे ध्यानात घ्या.

वरोऱ्याचा_पाथरवट
बाई, मी वरोऱ्याले नावं कोरतो. ते स्टिकरवालं वाचून जीव तुटला. संगमरवर डाग पितो. आपल्याकडं लोकं समाधीवर तेल ओततात, कुंकू फासतात, ते आतपर्यंत जाते. मंग घरचेच ब्रशनं घासतात अन् अक्षरं बोथट करून टाकतात. झाकलं ते बेस केलं.

अन् दोघायचं एक दगड म्हनाल तं त्यात नवल काहून? नवरा गेला का बाई आपलंबी नाव कोरून घेते, तारखेची जागा मोकळी ठेवाले सांगते. दोन बहिनीयचं कोरलं, सासू-सुनेचं कोरलं. नातं सांगतलं तं कोरतो, नाई सांगतलं तं इच्यारत नाई. तुमी बी तसंच करा. दगडावर जे हाये ते मराठीत जसंच्या तसं लिवा, कोन कधी गेली ते लिवा, अन् पोरीयले वाचू द्या.

राळेगावची_ताई
दादा, हेच करते. चार फोटो झाले: सुझन, कॅट-मेरी, ईव्हा-एस्थर आणि कॅथरीन. कॅथरीनचं मृत्युपत्र मोठ्या अक्षरात मधोमध. सरांना अजून दाखवलं नाही. छपाई मंगळवारी.

वरोऱ्याचा_पाथरवट
फ्लेक्सवाल्याकडं खुद जा. मोबाईलवरून मजकूर धाडला तं त्याच्या कॉम्प्युटरात जोडाक्षरं फुटतात, 'मृत्युपत्र'चं काईच्या काई होते. प्रूफ पाह्यल्याशिवाय छापाले देऊ नका.