दिवाळी अंकाची तारीख आणि आटलेली विहीर

उशिराचीगाडी
जून उजाडला की संपादकांचे फोन सुरू होतात. "कथा १५ ऑगस्टपर्यंत द्या." अकरा वर्षं ही तारीख पाळली. यंदा तिघांना नाही म्हणून सांगितलं, आणि तेव्हापासून शिव्या खातोय.

परवा जुन्या वह्या काढून बसलो. मला पानाच्या कोपऱ्यात तारीख घालायची खोड आहे. धड म्हणावं असं जवळपास सगळं नोव्हेंबर ते फेब्रुवारीतलं निघालं. पावसाळ्यात मी नुसता वाचतो, झोपतो, घरच्यांवर खेकसतो. म्हणजे माझी विहीर आटलेली असते नेमके तेव्हाच सगळे पोहरा घेऊन येतात. (पावसाळ्यात आटणारी विहीर! आमचं सगळंच उलटं.) मग गाळ निघतो, आणि तोही छापून येतो, हे जास्त वाईट.

अंगात नसताना लिहू नये, एवढंच म्हणणं आहे. शेतकरीही वावर उन्हात तापू देतोच की.

प्रूफवाला
तीस वर्षं दिवाळी अंकांची प्रुफं वाचली. मूड नावाचा प्राणी मी फक्त शेवटच्या तारखेच्या रात्री आलेला पाहिलाय. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथेचा बराचसा संसार या तारखांवर चाललाय.

आणि गीतरामायण घ्या. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक गीत. ठरली होती ५२, त्या वर्षी अधिक महिना आला म्हणून झाली ५६. गदिमांना काय ओहोटी लागत नसेल? लागत असेल. पण बाबूजी चाल लावायला थांबलेले आणि पुढचा आठवडा दारात उभा.

उशिराचीगाडी
गदिमांचं नाव काढलं की समोरच्यानं गप्प बसायचं, असा नियम आहे काय? त्यांना कथानक वाल्मीकींनी देऊन ठेवलं होतं. मला पात्राचं नाव ठरवण्यापासून सुरुवात.

दुसरं टोक बघा. कवी अरुण कोलटकर. मराठीतला पहिला संग्रह १९७७ चा. त्यानंतर 'चिरीमिरी' आणि 'भिजकी वही' आल्या थेट २००३ मध्ये. २६ वर्षं! त्यांना कुणी १५ ऑगस्ट दिला होता?

निंबोणी
कोलटकरांना तुमच्या बाजूला उभं करू नका हो. ती २६ वर्षं छापण्यातली आहेत, लिहिण्यातली नव्हेत. पोटापाण्याला माणूस जाहिरातीच्या धंद्यात, तिथे तर तारखाच तारखा. आणि मुंबईत काळा घोड्याला वेसाइड इन नावाच्या हॉटेलात खिडकीतून तोच चौक वर्षानुवर्षं बघत बसायचे. त्या चौकावरच्या इंग्रजी कवितांचं पुस्तक २००४ मध्ये आलं. याला विहीर आटणं म्हणायचं? त्यांनी छापायची घाई केली नाही, बैठक मात्र मोडली नाही.

माझं सांगते. मुलगी शाळेत आणि सासूबाईंची औषधं झालेली, असा वेळ मला १०.४० ते ११.५० मिळतो. अंगात येण्याची वाट बघितली तर ११.५० होतात आणि कुकर लावायची वेळ येते. थांबणं ही चैन आहे, ज्याला परवडते त्यानं करावी.

तरी एक कबूल करते. पाळीच्या आधीचे चार दिवस माझं एक वाक्य दुसऱ्याला जुळत नाही. त्या दिवसांत नवं लिहीत नाही, जुनं खोडते. खोडायला चिडलेलं डोकं फार छान चालतं. प्रेमात असताना कोण खोडतंय?

रिकामटेकडा
वर्षभर दिवाळी अंक बंद ठेवा. लेखकही सुटतील, वाचकही.

खारेवारे
सारखी ओहोटी-ओहोटी चाललीय म्हणून बोलतो, आमचं घरच त्यावर चालतं.

ओहोटीला वेळापत्रक असतं. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. पुनव-अवसेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी कमीच चढतं-उतरतं. हे बोटांवर मोजता येतं. उशिराचीगाडींनी वह्यांतल्या तारखा बघितल्या म्हणून त्यांचं मला पटतं. बाकीचे "सध्या ओहोटी आहे" म्हणतात, त्यांना विचारा, भरती कधी? सांगता येत नाही. मग ती ओहोटी नव्हे, कंटाळा.

दुसरं म्हणजे १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस, यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद. कुणी तंगड्या पसरून बसत नाही. होडी वर ओढायची, फळ्या बघायच्या, रंग, इंजिन, जाळ्यांची भोकं. नारळी पौर्णिमेच्या सकाळी जाळं दुरुस्त करायला बसलेला माणूस मी एकदाच बघितला. गाव अजून हसतं त्याला.

आणि कालवं? पाणी मागे हटलं की खडक उघडे पडतात, बायका तेव्हाच काढायला जातात. उधाणाच्या भरतीत कितीही जोर करा, मिळायची नाहीत. ओहोटीत काही मिळत नाही हे किनाऱ्यावर न राहणाऱ्यांचं बोलणं आहे.

प्रूफवाला
कालवांचं मानलं. पण खारेवारे, ती ६१ दिवसांची बंदी सरकार घालतं. म्हणजे बाहेरून आलेली तारीखच की! मच्छीमारांच्या मर्जीवर सोडलं असतं तर?

आणि उशिराचीगाडी, वावराचं तुम्ही अर्धंच सांगितलंत. तापू देण्याआधी नांगरतात. नुसतं सोडून दिलेल्या वावरात हरळी माजते.

उशिराचीगाडी
हरळी झोंबली.

पावसाळ्यात नवी कथा नाही, यावर मी ठाम आहे. अंकाचं पान भरायचं म्हणून लिहिलेल्या माझ्या चार कथा आहेत, त्या कुणी वाचू नयेत असंच वाटतं. निंबोणींच्या ७० मिनिटांपुढे मात्र मला बोलता येत नाही, माझ्याकडे अख्खी दुपार असते. गेल्या थंडीतले तीन खर्डे कपाटात पडलेत, ते आजपासून खोडायला घेतो. आणि पुढच्या वर्षापासून संपादकांना उलटी तारीख देणार. कथा फेब्रुवारीतच घ्या, ऑगस्टपर्यंत सांभाळा.

प्रूफवाला
फेब्रुवारीत दिलेली कथा संपादक ऑगस्टपर्यंत हरवतो. एक प्रत स्वतःजवळ ठेवा.