मदत हवी आहे: लूक १५ मधलं न बोललेलं वाक्य

रविवारी संडे स्कूलमध्ये १२-१३ वर्षांच्या मुलांना बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातला (अध्याय १५) उधळ्या पुत्राचा दाखला शिकवायचा आहे: वाट्याचा पैसा उधळून कंगाल झालेला मुलगा घरी परततो आणि बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो. परतण्याआधी, १९व्या वचनात, मुलगा ठरवतो, बापाला म्हणायचं, ‘मला मोलकऱ्याप्रमाणे ठेवा’. २१व्यात मात्र हे वाक्य येतच नाही. लगेच बापाचं ‘लवकर झगा आणा’! त्या ‘लवकर’पाशी माझा गळा दाटून येतो.

काही प्राचीन हस्तलिखितांत २१व्या वचनातही ते वाक्य आहे, एवढं तळटिपांतून कळलं. चर्चचे पाळकसाहेब गावाला गेलेत, मूळ भाषा ग्रीक मला येत नाही. दाखल्यातल्या मोठ्या भावाचा भाग पुढच्या रविवारी घेणार आहे.

बाप मुलाला मध्येच थांबवतो, की मिठीत शिरल्यावर मुलालाच ते म्हणावंसं वाटत नाही? वचनाला धरून मुलांना नेमकं काय सांगू?