३२वा आठवडा, बाळाच्या हालचाली मोजायच्या म्हणजे नक्की काय?

होणारी_आई_कोथरूड:
नमस्कार, पहिलंच बाळ आहे. डॉक्टर म्हणाल्या हालचालींवर लक्ष ठेवा पण ओपीडीत एवढी गर्दी होती की नीट विचारायचं राहूनच गेलं. दिवसभर हिंजवडीचा प्रवास, मीटिंगा, त्यात फारसं काही जाणवत नाही आणि रात्री आडवी झाले की ह्याचा धिंगाणा सुरू. नॉर्मल आहे ना हे? सासूबाई म्हणतात नववा लागला की बाळ शांतच होतं, आत जागा उरत नाही. खरंय का?

वारजेकर_ताई:
अगं रात्री जास्त जाणवणं अगदी कॉमन आहे, दिवसा आपलंच लक्ष नसतं. लाथ, ढुशी, वळवळ, कूस बदलणं सगळं धरायचं, उचकी मात्र नाही, ती एका लयीत टकटक येते, कळतेच. मी रात्री जेवण झालं की डाव्या कुशीवर पडायचे, मोबाइल लांब, आणि १० हालचाली व्हायला किती वेळ लागला ते कालनिर्णयच्या चौकटीत लिहायचे. २ तासांत १० व्हायला हव्यात, बहुतेकदा खूप आधीच होतात.

लेबररूम_सिस्टर:
ताईंनी बरोबर सांगितलंय, पण आकड्यापेक्षा तुमच्या बाळाची रोजची सवय महत्त्वाची. रोज अर्ध्या तासात १० होतात आणि आज दीड तास लागला तर तो बदलच आहे, २ तासांच्या आत बसलं म्हणून सोडून देऊ नका. सासूबाई धीर द्यायला म्हणत असतील पण तसं नसतं हो, शेवटी लाथेऐवजी लोळल्यासारखं वाटेल, पण हालचाली कमी व्हायला नकोत, अगदी कळा सुरू झाल्या तरी बाळ हलत असतं. कमी वाटलं की त्याच दिवशी या, रात्रीचे २ वाजले असले तरी. गोड खाऊन बघते, गार पाणी पिऊन बघते, सकाळी जाऊ, यात वेळ घालवू नका प्लीज. घरच्या डॉपलरवर ठोके ऐकू आले तरी या, ठोके असणं म्हणजे बाळ ठीक असणं नव्हे. आम्ही पोटाला दोन पट्टे लावून एनएसटी, म्हणजे बाळाच्या ठोक्यांचा आलेख, करतो, साधारण २० मिनिटं, दुखत नाही. रिपोर्ट चांगला आला आणि परत कमी वाटलं तर परत या, कोणी काही म्हणणार नाही आणि म्हटलं तरी या.

बाबा_हडपसर:
रात्री गाडीची सोय नसेल तर १०८ ला फोन करा, अॅम्ब्युलन्स फुकट असते. फाईल आणि सोनोग्राफीचे रिपोर्ट दाराजवळच ठेवा.

होणारी_आई_कोथरूड:
खूप थँक्यू सगळ्यांना 🙏 सोनोग्राफीत प्लॅसेंटा अँटेरिअर लिहिलंय, त्याने फरक पडतो का?

लेबररूम_सिस्टर:
हो, वार पुढे असली की मधे गादी आल्यासारखी होते, लाथा बोथट लागतात, जास्त करून २८ आठवड्यांपर्यंत. पण आता रात्रीचा धिंगाणा तुम्हाला ओळखीचा झालाय ना, तो कमी झाला तर वार पुढे आहे म्हणून असेल असं समजून घरी थांबू नका.