गाडीच्या सनव्हायझरची घरगुती दुरुस्ती : आपापले अनुभव लिहा

एरंडोल (धागा सुरू करताना)

संध्याकाळी जळगावहून धुळ्याकडे गाडी नेलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. आपला महामार्ग ५३, म्हणजे पूर्वीचा ६ नंबर, मुक्ताईनगरपासून नवापूरपर्यंत अख्खा खानदेश पूर्व-पश्चिम कापत जातो. सकाळी भुसावळकडे निघालं की सूर्य समोर आणि संध्याकाळी धुळ्याकडे परततानाही समोरच. मार्च आणि सप्टेंबरच्या उत्तरार्धात तर तो नेमका पश्चिमेला मावळतो, म्हणजे जणू रस्त्याच्या टोकालाच. अशा वेळी डोक्यावरचा सनव्हायझर, म्हणजे ऊन अडवायला खाली ओढायची फळी, धड नसेल तर काय होतं ते मी अनुभवलंय, म्हणून हा धागा.

गेल्या मार्चची गोष्ट. पारोळ्याच्या पुढे ऊन डोळ्यांत यायला लागलं म्हणून व्हायझर खाली ओढला. तो जिथे सोडला तिथे थांबेचना, धपकन पूर्ण खाली आला. समोरचा केळीचा ट्रक दिसेनासा झाला. दोन-तीन सेकंदच, पण अंगाला घाम फुटला. शेजारी सासरे बसले होते. "पयले गाडी उभी कर," एवढंच म्हणाले. बाजूला घेऊन व्हायझर हाताने वर ढकलला, तर तो पुन्हा खाली. शेवटी केसांचा रबरबँड आणि रुमाल वापरून कसाबसा बांधला आणि उन्हं उतरेपर्यंत तिथेच थांबलो.

सर्व्हिस सेंटरला विचारलं तर अख्खा नवीन घ्या म्हणाले, तोही आठ दिवसांनी येणार. तोवर निदान उघडून तरी बघू म्हणून रविवारी बसले. छताजवळच्या बुडाला दोन स्क्रू होते, ते काढले. दुसरं टोक आरशाजवळच्या आकड्यातून ओढलं की मोकळं होतं. व्हायझर हातात आल्यावर कळलं की यात फार काही नसतं. एक दांडी असते आणि फळीच्या आत तिला दोन्हीकडून कवटाळणारी पोलादी पट्टी असते. त्या पट्टीची पकड हाच व्हायझरचा सगळा जीव. आमच्या गाडीत दांडी पिळत पिळत ओढली तर बाहेर आली. काही गाड्यांत ती अशी निघत नाही, फळीची शिवण उकलावी लागते, तिथे जोर करू नका. दांडी जिथे पट्टीत फिरायची तिथे घासून आरशासारखी चकचकीत झाली होती. बोट फिरवलं तर बाकी दांडी खरखरीत आणि तेवढाच भाग गुळगुळीत.

वायरिंगवाले वापरतात ती गरम केली की आवळणारी काळी नळी, श्रिंक ट्यूब, आणली. तीन सेंटिमीटरचा तुकडा दांडीवर चढवला आणि ओट्यावर मेणबत्तीच्या आचेवर, ज्योतीला न टेकवता, फिरवत फिरवत आवळून घेतला. पहिल्यांदा दोन पदर चढवले होते, तर दांडी आत शिरेचना. एक पदर काढला आणि बरोबर बसली. आता व्हायझर जिथे सोडावा तिथे राहतो. वर्ष झालं, एक मे महिनाही काढला.

तुमच्याही गाडीचं असं काही झालं असेल तर सविस्तर लिहा. फसलेली दुरुस्ती तर नक्कीच लिहा.

भुसावळ

ताई, फसलेल्यापासूनच सुरुवात करतो. माझ्या व्हायझरची फळीच शिवणीवर उकलली होती, दोन्ही बाजू शिंपल्यासारख्या उघड्या. घरात ग्लू गन होती, गरम गोंद भरला, दाबून धरला. दिसायला एकदम पक्कं. ते फेब्रुवारीत. एप्रिलच्या शेवटी शेडबाहेर गाडी उन्हात उभी होती, ड्युटी संपवून आलो तर गोंदाच्या तारा लोंबत होत्या आणि फळी पुन्हा उघडी. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतला पारा ४५ च्या पुढे जातो. बंद गाडीत काचेलगत तर त्याहून कितीतरी जास्त तापतं. गरम करून वितळणारा गोंद तिथे मऊ पडणारच.

मग एम-सील लावलं. ते घट्ट झालं, पण आठवड्यात खपलीसारखं अख्खं सुटून हातात आलं. तेव्हा फळीच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरं दिसली, पीपी. म्हणजे पॉलिप्रोपिलीन. आम्ही वर्कशॉपवाले, हे आधीच लक्षात यायला हवं होतं. या प्लास्टिकला साधा कुठलाच गोंद धरत नाही, पृष्ठभागच तसा असतो. फेविक्विकही नाही. शेवटी शिवणीच्या आतल्या अंगाला दोन-दोन बारीक भोकं पाडली आणि पातळ केबल टाय ओवून आवळले, चार ठिकाणी. गाठी वरच्या कडेला ठेवल्या, म्हणजे व्हायझर खाली असताना डोळ्यांकडे येत नाहीत. तीन उन्हाळे झाले. माझं मत आता पक्कं आहे: आपल्या हवेत चिकटवू नका, बांधा किंवा स्क्रूने कसा.

आणखी एक, व्हायझर फिरवताना कुरकुरतो म्हणून त्यात तेल सोडू नका. माझ्या साडूने सोडलं होतं. कुरकुर गेली, पकडही गेली. तो घासण्यावरच थांबतो हो, तेल त्याचा शत्रू.

सावदा

आमचा अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ताही असाच, एका बाजूला सातपुडा, दुसऱ्या बाजूला तापी आणि सूर्य नाकासमोर. माझी पिकअप आहे, केळीच्या बागेत रोजची ये-जा. खड्ड्यांमुळे व्हायझरचं बूडच ढिलं झालं होतं. स्क्रू आवळला की फिरतच राहायचा, आटे मेले होते. मी काय केलं, दुकानातून त्याच जाडीचा पण दुप्पट लांबीचा स्क्रू आणला आणि दिला आवळून. घट्ट बसला, मला आनंद झाला. दुसऱ्या दिवशी गाडी धुताना टपावर हात फिरला तर बोटाला टेंगूळ लागलं. स्क्रूच्या टोकाने टपाचा पत्रा आतून वर उचलला होता. रंग तडकला, पावसाळ्यात तिथे गंज धरला.

फैजपूरच्या मिस्तरी काकांनी समजावलं ते लिहितो. आटे मेले तर स्क्रू लांब घ्यायचा नाही, एक नंबर जाड घ्यायचा. आणि जिथे स्क्रू प्लास्टिकच्या गुट्टीत जातो तिथे गुट्टीच बदलायची. ती वेगळी मिळते. हाताच्या स्क्रू ड्रायव्हरनेच कसायचं, मशीन लावायचं नाही, कारण छताचं अस्तर दाबलेल्या पुठ्ठ्यासारखं असतं, जास्त आवळलं की खड्डा पडतो आणि तो परत भरून येत नाही.

जळगाव

सावद्याच्या दादांनी टपाचं सांगितलं, त्याला जोडून एक गंभीर गोष्ट. ज्या गाड्यांना पडदा एअरबॅग आहे त्यांत ती छताच्या कडेने, दारांच्या वर घडी घालून बसवलेली असते. तिच्या आसपास नवीन भोक पाडणं किंवा लांब स्क्रू घालणं नकोच. कंपनीने दिलेल्या भोकांतच काम करायचं. व्हायझरवर एअरबॅगच्या इशाऱ्याचं लेबल असतं, तेही झाकू नका.

माझा अनुभव फळीतल्याच छोट्या आरशाला दिवा असलेल्या व्हायझरचा. त्याची तार पोकळ दांडीतून छतात जाते, हे मला ठाऊक नव्हतं. धाग्यात वर लिहिलंय तशी मीही दांडी पिळून ओढायला गेले. तारेचं कव्हर सोललं गेलं, ती दांडीला टेकली आणि फ्यूज उडाला. आतले सगळे दिवे बंद. फ्यूज दहा रुपयांचा, पण तो कोणता हे शोधण्यात दुपार गेली. म्हणून आरसा उघडल्यावर दिवा लागत असेल तर आधी बॅटरीचं निगेटिव्ह टोक काढा, बूड हळूच खाली घेऊन जोडाचा प्लग सोडवा आणि मगच फळीला हात लावा. दांडी पिळायची नाही म्हणजे नाही.

नवापूर

माझं काम छोटं होतं. आरशाजवळचा आकडा तुटला होता, त्यामुळे कोंडाईबारी घाटात प्रत्येक वळणाला व्हायझर कपाळावर यायचा. आकडा सुटा मिळतो हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, लोक अख्खा व्हायझर बदलतात. छोटी टोपी उचकटली की आत एकच स्क्रू. सुटा आकडा ऐंशी रुपयांना मिळाला. पाच मिनिटं लागली.

एक शंका: काचेच्या वरच्या भागाला काळी पट्टी लावली तर या सगळ्यातून सुटका होईल का?

धुळे

मी सीटकव्हर आणि कुशनचं काम करतो, तेव्हा व्हायझरच्या कापडाबद्दल लिहितो. जुन्या गाड्यांत आतला फोम उन्हाने पिठासारखा होतो, फळी हलवली की भुरभुर मांडीवर पडते. वरचं रेक्झिन सुटून लोंबायला लागतं. लोक स्प्रेचा गोंद मारून ते परत चिकटवतात. भुसावळच्या भाऊंनी सांगितलं तेच इथेही होतं, एका उन्हाळ्यात फुगे येतात.

मी गवसणी शिवतो, तंबोऱ्याला किंवा उशीला असते तशी. व्हायझर काढून जाड कागदावर ठेवायचा, कडेने पेन्सिल फिरवायची, शिवणीसाठी एक सेंटिमीटर सोडायचं. कापड फिकट आणि बिनचमकीचं घ्यायचं, चमकणारं घेतलं तर काचेत त्याचंच प्रतिबिंब दिसतं. भुगा झालेला फोम खरवडून त्या जागी पाच मिलिमीटरचा नवा शीट घालायचा. दांडीच्या बाजूला तोंड उघडं ठेवून गवसणी चढवायची आणि ते तोंड हाताने टाके घालून बंद करायचं. टाके मेणवलेल्या दोऱ्याने घालायचे. इशाऱ्याच्या लेबलापुरती खिडकी ठेवायची, जळगावच्या ताईंचं बरोबर आहे. घरी शिलाई मशीन असेल तर कुणालाही जमेल. माझ्या बायकोने पहिली गवसणी शिवली ती माझ्यापेक्षा सफाईदार होती आणि तेव्हापासून दुकानातल्या सगळ्या तीच शिवते.

शहादा

नवीन घ्यायचीच वेळ आली तर उजवा-डावा नीट सांगा. मी नुसतं गाडीचं नाव सांगून मागवला, डावा आला. दांडीची वाक उलटी, बसणारच नाही. परत पाठवण्यात पंधरा दिवस गेले. आता चेसिस नंबर देऊनच मागवतो आणि रंगही सांगतो, कारण एकाच मॉडेलमध्ये राखाडी आणि बदामी दोन्ही येतात. भंगारातून घ्यायचा तर तिथेच अर्धा खाली करून हात सोडून बघा. पडला तर घेऊ नका. धुळ्याला मी चार बघितले, तेव्हा एक घट्ट मिळाला.

पाचोरा

वाटेतच तुटला तर काय करायचं एवढंच लिहितो. सायकलच्या जुन्या ट्यूबची दोन बोटं रुंद कडी कापून गाडीत ठेवा. व्हायझर पूर्ण वर करून दांडीला आणि फळीला मिळून ती कडी घातली की तो वरच राहतो. ऊन लागेल, पण समोरचं दिसेल. माझ्या वडिलांनी अँबॅसिडरमध्ये अशी कडी ठेवली होती.

एरंडोल

नवापूरच्या दादांच्या शंकेचं उत्तर: नाही, तो मार्ग बंद आहे. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काचेवर फिल्म लावण्याला मनाई केली होती. काचेतून समोरच्या आणि मागच्या बाजूने किमान ७० टक्के, बाजूने ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, असा मोटार वाहन नियम आहे. आणि मावळतीचा सूर्य वरच्या पट्टीच्या खालीच असतो, त्यामुळे तिचा उपयोगही नाही. त्याला हलवता येणारी फळीच लागते.

भुसावळच्या भाऊंचं वाचून मी माझ्या दांडीवरची नळी पुन्हा उघडून पाहिली. ती चिकटवलेली नाही, आवळलेली आहे, म्हणूनच टिकली असणार. पाचोऱ्याची कडीही कापून दाराच्या कप्प्यात ठेवली.

काल पारोळ्याला जायला निघालो. सासऱ्यांनी बसल्याबरोबर आधी त्यांच्या बाजूचा व्हायझर खाली ओढला, हात सोडला आणि थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हाई बी ढिलं शे." रविवारी डावा उघडते.