[मंडळ-चर्चा] जुनी टॅकोमा ठेवावी की नव्या पिढीची घ्यावी?

प्रेषक: अ. वि., ऑरोरा
दिनांक: १२ जुलै २०२५

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

आपल्यात गाड्यांची उत्तम जाण असलेली मंडळी बरीच आहेत, म्हणून घरात महिनाभर चाललेली एक चर्चा आपल्यासमोर मांडतो.

माझ्याकडे २०१८ ची टोयोटा टॅकोमा ही पिकअप गाडी आहे, म्हणजे २०१६ ते २०२३ या काळात विकल्या गेलेल्या तिसऱ्या पिढीतली: चार दारांची, पाच फुटी हौद्याची, फोर-व्हील-ड्राइव्ह, ३.५ लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन आणि सहा गियरची ऑटोमॅटिक. नव्वद हजार मैल झाले असले तरी एरवी तिच्याबद्दल तक्रार करण्याजोगे काही नाही. मात्र गेल्या वर्षी आम्ही एक कॅम्पर, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचे चाकांवरचे घर, घेतला. तो रिकामा ३,६०० पौंडांचा आहे आणि सामान-पाणी भरल्यावर ४,३०० च्या आसपास जातो. तो मागे लावून आय-७० महामार्गाने कोलोरॅडोच्या पर्वतांतील आयझेनहॉवर बोगद्याकडे चढू लागलो की गाडी एकेक गियर खाली उतरत दुसऱ्यावर येते, इंजिन सतत ओरडत राहते आणि तरीही वेग ताशी पंचेचाळीस मैलांच्या वर टिकत नाही. याशिवाय गणपतीच्या दिवसांत मंडळाच्या सजावटीचा ट्रेलर ओढण्याचे कामही हीच गाडी करते.

२०२४ पासून आलेल्या चौथ्या पिढीत २.४ लिटरचे चार सिलिंडरचे टर्बो इंजिन आणि आठ गियर आहेत, आणि त्याच इंजिनाला विजेच्या मोटरची जोड दिलेला हायब्रिड प्रकारही मिळतो. विक्रेता हायब्रिडच घ्या असे म्हणतो. त्याच्या आवारात सध्या त्याच उभ्या आहेत, हेही मी पाहिले आहे. जुनी ठेवावी, साधी टर्बो घ्यावी की हायब्रिड, याविषयी आपले मत कारणांसह कळवावे.

आपला नम्र,
अ. वि.


प्रेषक: श्री. ना., कोलोरॅडो स्प्रिंग्ज
दिनांक: १३ जुलै २०२५

अ. वि. यांस सप्रेम नमस्कार.

आपण वर्णन केलेला त्रास गाडीच्या वयामुळे होत नसून उंचीमुळे होतो, हे आधी ध्यानात घ्यावे, म्हणजे पुढचा विचार सोपा होईल. टर्बो नसलेले इंजिन दर हजार फूट उंचीमागे साधारण तीन टक्के शक्ती गमावते, कारण विरळ हवेत त्याला तेवढा प्राणवायूच मिळत नाही. आपल्या गाडीची पुस्तकातली २७८ अश्वशक्ती समुद्रसपाटीची आहे. डेन्व्हरच्या ५,२८० फुटांवर तिच्यातील सहावा हिस्सा नाहीसा होतो आणि बोगद्याच्या ११,१५८ फुटांवर तिसरा हिस्सा, म्हणजे तिथे आपण जेमतेम १८५ अश्वशक्तीवर कॅम्पर ओढत असता. आपल्यापैकी ज्यांनी खंडाळ्याच्या घाटात गाडी शिकली त्यांना हा अनुभव नसतो, कारण लोणावळा मुळात दोन हजार फुटांवर आहे.

टर्बो हवा दाबून आत ढकलतो, त्यामुळे ही तूट तो बऱ्याच अंशी भरून काढतो. कागदावर नव्या साध्या इंजिनाचीही अश्वशक्ती २७८ च आहे, आणि त्यामुळे पुष्कळ लोक ‘मग बदलले काय’ असे विचारतात. पण जुन्या इंजिनाचा २६५ पौंड-फूट टॉर्क (फिरवण्याचा जोर) मिळवायला मिनिटाला ४,६०० फेऱ्यांपर्यंत जावे लागते, तर नव्याचा ३१७ पौंड-फूट टॉर्क १,७०० फेऱ्यांनाच हाती येतो. घाटात फरक पडतो तो इथे. फक्त सर्वांत स्वस्त ‘एसआर’ प्रकार घेऊ नये, कारण त्यात तेच इंजिन २२८ अश्वशक्तीपुरते ठेवले आहे.

जाहिरातीतील ओढण्याच्या क्षमतेवर मात्र निर्णय करू नये. तिसऱ्या पिढीची कमाल क्षमता ६,८०० पौंड सांगितली जाई, चौथीची ६,५०० आणि हायब्रिडची ६,००० आहे, म्हणजे आकड्यांवर जावे तर नवी गाडी दुबळी ठरते. शिवाय हे आकडे ज्या प्रमाणित चाचणीतून येतात तिचा चढ ॲरिझोनातील डेव्हिस डॅमचा आहे आणि तो साडेतीन हजार फुटांच्या आसपास संपतो. आपला चढ त्याच्याही वर सुरू होतो.

इंधनाविषयी एक गोष्ट महत्त्वाची आहे. आपल्या राज्यात ‘रेग्युलर’ म्हणून जे मिळते ते बहुतेक पंपांवर ८५ ऑक्टेनचे असते (हा आकडा कमी असेल तर दाबाखाली इंधन अवेळी पेटण्याचा धोका अधिक). कार्ब्युरेटरच्या काळात विरळ हवेमुळे ते चालून जात असे आणि तीच प्रथा पुढे राहिली. टोयोटा दोन्ही पिढ्यांसाठी ८७ सांगते. सहा सिलिंडरच्या गाडीत ८५ भरणारे उंचीचा आधार घेतात आणि त्यात थोडेफार तथ्य आहे. टर्बोत तो आधार उरत नाही, कारण इंजिनाच्या दृष्टीने हवा विरळ राहतच नाही. तेव्हा नवी गाडी घेतल्यास पंपावरचे मधले, ८७ चे बटण कायमचे दाबावे लागेल, आणि त्याचे गॅलनमागे तीस-चाळीस सेंट तरी अधिक पडतात.

हायब्रिडविषयी माझे मत प्रतिकूल आहे. तिचा ४६५ पौंड-फूट टॉर्क खराच आहे, परंतु बॅटरी अवघी १.८७ युनिटांची आहे. बोगद्यापासून सिल्व्हरथॉर्नपर्यंत दोन हजारांहून अधिक फूट उतरताना आपली गाडी आणि कॅम्पर मिळून, दहा हजार पौंड वजन धरले, तर सुमारे आठ युनिट ऊर्जा कुठे तरी जिरवावी लागते. उतार अर्धा होण्याआधीच बॅटरी भरते आणि मग उरतात ते इंजिन आणि ब्रेक. त्यातही २.४ लिटरचे इंजिन उतारावर ३.५ लिटरच्या इंजिनाइतके गाडीला रोखून धरणार नाही, ही जुन्या गाडीची जमेची बाजू कोणी सांगत नाही.

माझे मत: साधी टर्बो घ्यावी. परंतु त्याआधी चालकाच्या दाराच्या चौकटीवरील, गाडीत किती भार चालतो हे सांगणारा पिवळ्या पट्टीचा स्टिकर वाचावा आणि माणसे व सामान भरून गाडी एकदा वजनकाट्यावर न्यावी.

श्री. ना.


प्रेषक: मृ. दे., फोर्ट कॉलिन्स
दिनांक: १४ जुलै २०२५

सप्रेम नमस्कार.

काकांनी इंजिनाची बाजू इतकी सविस्तर मांडली आहे की तिच्यात भर घालण्याची माझी पात्रता नाही. मी लेखापाल असल्यामुळे पैशांविषयी लिहिते.

इंधनाची बचत हे कारण प्रथम बाजूला ठेवावे. सरकारी आकड्यांनुसार तुमच्यासारखी जुनी गाडी गॅलनला सरासरी २० मैल देते, नवी साधी २१ आणि हायब्रिड २३. वर्षाला बारा हजार मैल धरले तर हायब्रिडमुळे सुमारे ७८ गॅलन वाचतात आणि साध्या टर्बोमुळे २९. तुम्ही आज ८५ भरत असाल, तर ही दुसरी बचत ८७ ऑक्टेनच्या वाढीव दरातच संपते आणि वर पदरचे काही घालावे लागतात.

कोलोरॅडोत नोंदणीबरोबर जो मालकी कर घेतात, त्याचा विचार गाडी घेताना फारसे कोणी करत नाही. गाडी नवी असतानाच्या छापील किमतीचे ८५ टक्के हे करपात्र मूल्य मानून त्यावर पहिल्या वर्षी २.१ टक्के, दुसऱ्या वर्षी १.५, तिसऱ्या वर्षी १.२, चौथ्या वर्षी ०.९ आणि पाचव्यापासून नवव्या वर्षापर्यंत ०.४५ टक्के कर लागतो. दहाव्या वर्षापासून तो केवळ तीन डॉलर होतो. पन्नास हजारांची नवी गाडी धरली तर पहिल्या चार वर्षांत या एकाच करापोटी २,४२२ डॉलर जातील. तुमची २०१८ ची गाडी नवी असताना अडतीस हजारांची होती असे मानले, तर यंदा आणि पुढील वर्षी प्रत्येकी १४५ डॉलर आणि त्यानंतर दरवर्षी तीन डॉलर. घासाघीस करून किंमत कमी केलीत तरी हा कर छापील किमतीवरच लागतो, हे विशेष.

जुनी गाडी विकायची असल्यास ती विक्रेत्याला देणे आणि बाहेर विकणे यांची तुलना करताना विक्रीकर विसरू नये. आपल्याकडे अदलाबदलीत दिलेल्या गाडीची किंमत वजा करून उरलेल्या रकमेवरच कर आकारतात. ऑरोरात आठ टक्के कर धरला आणि विक्रेत्याने चोवीस हजार देऊ केले, तर बाहेरच्या गिऱ्हाइकाने निदान २५,९२० दिल्याशिवाय तुमचा फायदा नाही.

आणखी एक. या महिन्यात मंजूर झालेल्या कायद्यानुसार २०२५ ते २०२८ या वर्षांत नव्या गाडीच्या कर्जावरील व्याज, दहा हजार डॉलरपर्यंत, उत्पन्नातून वजा करता येईल, असे विक्रेते सांगू लागले आहेत. ते खरे आहे, परंतु गाडीची अंतिम जुळणी अमेरिकेत झालेली असली पाहिजे. टॅकोमा मेक्सिकोत, तिहुआना आणि ग्वानाहुआतो येथे तयार होते. गाडीचा क्रमांक ३ या अंकाने सुरू होत असेल तर ही सवलत नाही. पतिपत्नींचे एकत्रित उत्पन्न दोन लाखांच्या वर असेल तर ती क्रमाने कमीही होत जाते, पण तो प्रश्न इथे उद्भवतच नाही.

एकूण पाहता, वर्षातल्या मोजक्या सहलींत चढावर गाडी हळू चालते एवढ्यासाठी ही रक्कम घालणे मला पटत नाही. जड ट्रकांसोबत उजव्या लेनमधून चाळीसने चढण्यात कमीपणा कसला?

मृ. दे.


प्रेषक: प्र. शं., लिटलटन
दिनांक: १४ जुलै २०२५

नमस्कार.

माझ्याकडे २०२४ ची हायब्रिड आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. चढावर ती खरोखर सहज जाते. मागे लीफ स्प्रिंगऐवजी कॉइल स्प्रिंग आल्यामुळे रिकाम्या गाडीचे उडणे बरेच कमी झाले आहे आणि मागच्या चाकांना ड्रम जाऊन डिस्क ब्रेक आले आहेत. मागच्या आसनाखालची जागा मात्र बॅटरीने घेतली असल्यामुळे दोऱ्या, साखळ्या, जॅक ठेवायला काही उरत नाही, आणि मागे बसणाऱ्या उंच माणसाचे गुडघे पूर्वीइतकेच अडकतात. २०२४ आणि २०२५ च्या काही फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्या, चाकात साचलेल्या चिखलाने मागच्या ब्रेकची नळी खराब होऊ शकते म्हणून, कंपनीने दुरुस्तीसाठी परत बोलावल्या आहेत. वापरलेली घेणार असाल तर तिचा क्रमांक सरकारी संकेतस्थळावर तपासून घ्यावा.

बॅटरीविषयी काकांचे गणित बरोबर आहे, पण मी बोगद्यापलीकडे ट्रेलर नेतच नाही. शहरातल्या रोजच्या येण्याजाण्यात मला हायब्रिड आवडते.

प्र. शं.


प्रेषक: अ. वि., ऑरोरा
दिनांक: १९ जुलै २०२५

सर्वांस सप्रेम नमस्कार.

आपण एवढ्या आस्थेने लिहिलेत याबद्दल मनापासून आभार.

काकांच्या सूचनेप्रमाणे गाडी, कॅम्पर, आम्ही चौघे आणि सहलीचे सर्व सामान आय-७० वरील ट्रकतळाच्या वजनकाट्यावर नेले. दारावरचा स्टिकर ११२० पौंड भार सांगतो आणि भरलेल्या गाडीचे कमाल वजन ५,६०० पौंड ठरवून दिलेले आहे. काट्यावर गाडीच्या दोन्ही आसांचे मिळून ५,८९० भरले. चौघांचे ५८० पौंड, कॅम्परच्या जिभेचा (पुढच्या जोडदांड्याचा) गाडीमागच्या हिचवर, म्हणजे जोडणीवर, येणारा भार पाचशेच्या थोडा वर, हौद्यावर बसवलेले फायबरचे छत १७० आणि उरलेले जनरेटर, शीतपेटी व सायकली, असा तो हिशेब आहे. कॅम्परचे ४,३०० पौंड ओढायला गाडी कमी पडत नाही, परंतु तिच्या पाठीवर जे चढते त्याने ती मर्यादेबाहेर जाते.

हे कळल्यावर मी नव्या पिढीची पत्रके पुन्हा पाहिली. कमाल भारक्षमता जुन्या आणि नव्या, दोन्हींची सतराशे पौंडांच्या आसपासच आहे, आणि तीही हलक्या, साध्या प्रकारांची. चार दारे, फोर-व्हील-ड्राइव्ह आणि इतर साधने वाढत जातात तशी ती घटत जाते. म्हणजे पन्नास हजार डॉलर खर्चून मला वेग मिळेल, पण जी गोष्ट नियमाबाहेर आहे ती जवळपास तशीच राहील. उलट गाडी आता सहज चढते म्हणून मी आणखी सामान भरीन, अशी शंका आमच्या घरी व्यक्त झाली आहे आणि ती खोडून काढण्यासारखे माझ्याजवळ काही नाही.

तेव्हा तूर्त गाडी बदलत नाही. छत काढून टाकतो. पाण्याची टाकी घरून भरून नेण्याऐवजी मुक्कामावर भरणार आहे. तीस गॅलन म्हणजे अडीचशे पौंड होतात आणि आमची टाकी कॅम्परच्या पुढच्या भागात असल्यामुळे त्यातला बराच भार हिचवर येतो. जनरेटर आणि शीतपेटी कॅम्परमध्ये बरोबर चाकांच्या वर ठेवणार, त्याच्या मागे नव्हे, कारण जिभेवरचा भार कॅम्परच्या वजनाच्या दहा टक्क्यांखाली गेला तर तो महामार्गावर डोलू लागतो. गियरबॉक्सचे तेल बदलून घेतो आणि ८७ ऑक्टेन भरतो. थोरली दोन वर्षांनी कॉलेजला गेली की माणूस आणि त्याचे सामान दोन्ही कमी होतील. कॅम्पर तेव्हाही वापरात असेल तर मधल्या आकाराची नवी गाडी घेण्याऐवजी फोर्ड एफ-१५० किंवा टोयोटा टंड्राच्या मोठ्या आकाराची वापरलेली पाहीन. ताईंचा कराचा तक्ता मी जपून ठेवला आहे.

काकांचे मत यापेक्षा वेगळे असणार याची कल्पना आहे.

आपला,
अ. वि.


प्रेषक: श्री. ना., कोलोरॅडो स्प्रिंग्ज
दिनांक: १९ जुलै २०२५

वेगळे आहेच. वजनाचा निष्कर्ष मान्य. परंतु छत काढून आणि पाणी रिकामे ठेवूनही आपण मर्यादेच्या काठावरच राहता आणि बोगद्यापाशी १८५ अश्वशक्तीचे १९० होत नाहीत. मोठी गाडी घ्यायचीच असेल तर दोन वर्षे थांबण्याचे कारण मला दिसत नाही. सामान हलवल्यावर पुन्हा काट्यावर जावे, आणि या वेळी हिचवरचा भार वेगळा मोजून घ्यावा. मागे जाड स्प्रिंग बसवून देतो असे कोणी सांगितल्यास ऐकू नये. त्याने गाडीची पाठ वर उचलली जाते, दारावरचा आकडा बदलत नाही.

श्री. ना.


प्रेषक: सं. ग., पार्कर
दिनांक: २० जुलै २०२५

अ. वि. यांस नमस्कार.

माझी २०२१ ची टॅकोमा आहे, पाच फुटी हौद्याचीच. २०१६ ते २०२३ पर्यंतच्या गाड्यांचा हौदा सारखा असल्यामुळे आपले छत तिला बसायला हवे. ते विकणार असाल तर रंग आणि अपेक्षित किंमत कळवावी. आम्ही दोघेच आहोत आणि ट्रेलर नाही, त्यामुळे १७० पौंडांची आम्हांला अडचण नाही. येत्या शनिवारी येऊन पाहू शकेन. उचलायला चौघे लागतील, त्यांपैकी दोघांना मी घेऊन येतो.

सं. ग.